पोकर : टेबलावरची शिस्त आणि त्यापुढचे डावपेच (नागपूर)

प्रतापनगरकर

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप शनिवारी रात्री टेक्सास होल्डम (पोकरचा प्रकार : हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच) खेळतो. पैसे लावत नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स, शेवटपर्यंत टिकला तो पहिला, आणि महिनाभराचे गुण एका वहीत. बहुतेक मंडळी तीनपत्तीवरून इकडे आलीत. पोळा आणि दिवाळी म्हणजे रात्रभर पत्ते, अशाच घरांत आम्ही वाढलो. कोणता हात मोठा, फ्लॉप-टर्न-रिव्हर (मधे उघडणारी पहिली तीन पानं, मग चौथं, मग पाचवं) म्हणजे काय, एवढं सगळ्यांना येतं. मला त्याच्या पुढे जायचं आहे आणि दोन ठिकाणी अडून राहिलो आहे.

एक म्हणजे शिस्त. पाळी नसताना कोणी 'मी पॅक' म्हणून पत्ते फेकतं. कोणी आधी कॉल (समोरच्याइतकंच लावणं) म्हणतं आणि मग आणखी चिप्स सरकवतं. कोणी टाकलेला हात बोलून दाखवतं. हटकलं की 'घरचाच खेळ आहे न भाऊ' असं उत्तर येतं. यातलं नियमाविरुद्ध काय आणि नुसतं वाईट दिसणारं काय, हे मला समजून घ्यायचं आहे.

दुसरा हा हात. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी लावायच्या चिप्स) १००-२००. मधल्या जागेवरच्या काकांनी ५०० केले. मी बटनवर (वाटणाऱ्याच्या जागेवर), बदामचा एक्का आणि बदामची नव्वी. कॉल केला. दोन्ही ब्लाइंड बाहेर, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १३००. फ्लॉप : बदाम बादशहा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. काकांनी ६०० लावले, मी कॉल. पॉट २५००. टर्नला इस्पिक चव्वी. काकांनी २००० लावले, त्यांच्याकडे मागे १२०० उरले. मी पत्ते टाकले. मग सगळ्यांनी आग्रह करून पुढचं पान उघडायला लावलं तर बदामची पंजी. 'एवढा मोठा पॉट सोडला' हे तेव्हापासून ऐकून राहिलो आहे. टर्नला सोडणं चूक होतं का?

इस्पिकराणी

तुमचा फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं, बरोबर होता. रिव्हरला काय आलं त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

टर्नचा हिशेब पाहा. पॉट २५००, त्यात काकांचे २०००, म्हणजे समोर ४५००. तुम्हाला द्यायचे २०००. तुमचे धरून एकूण ६५००. २००० भागिले ६५०० म्हणजे जवळपास ३१ टक्के. शंभरातून ३१ वेळा जिंकणार असाल तरच हा कॉल बरोबरीत सुटतो. आता तुमच्याकडे काय आहे? न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. ९ भागिले ४६ म्हणजे १९.६ टक्के. एक्का आला तरी जिंकू असं धरलं तर आणखी तीन पानं, म्हणजे १२ भागिले ४६, २६ टक्के. तरीही कमीच पडतं.

कोणी म्हणेल की रंग लागल्यावर (पाच बदाम झाल्यावर) काकांचे उरलेले १२०० पण मिळाले असते. धरू. मग २००० भागिले ७७००, म्हणजे २६ टक्के लागतात. तीनही एक्के चालतात असं मानलं आणि काका दर वेळी ते १२०० देतात असंही मानलं, तेव्हा कुठे गोष्ट जेमतेम बरोबरीला येते. काकांकडे एक्का-बादशहा असेल तर तुमचा एक्का येऊन उलट तुम्हीच अडकता. म्हणून फोल्ड.

फ्लॉपचा कॉल मात्र चांगला होता. तिथे ६०० देऊन एकूण २५०० होत होते, म्हणजे २४ टक्के. पुढच्या एका पानावर नुसते बदाम धरले तर १९ टक्के, पण एक्क्यांचं थोडं वजन आणि रंग लागल्यावर पुढे मिळणाऱ्या चिप्स धरल्या की तो कॉल निघतो.

पाठ करायला सोपी रीत सांगते. तुमचा हात पूर्ण करणारी पानं मोजा. एकच पान यायचं असेल तर त्याला दोनाने गुणा, फ्लॉपवर असताना दोन्ही पानं नक्की बघायला मिळणार असतील तर चाराने. रंगाची ९ पानं म्हणजे सुमारे १८ आणि ३६. खरे आकडे १९ ते २० आणि ३५. दोन्ही टोकांनी उघडी सिक्वेन्स, ८ पानं, दोन पानांत साडेएकतीस टक्के. मधलं एकच पान हवं असेल तर ४ पानं, साडेसोळा. चाराने गुणण्यात एक धोका आहे. टर्नला पुन्हा मोठी बेट येणार असेल तर दुसरं पान तुम्हाला त्याच किमतीत दिसत नाही. तुमच्या हातात नेमकं तेच झालं.

जुना_ब्रिजवाला

मी धरमपेठेत आयुष्यभर ब्रिज खेळलो, पोकरकडे निवृत्तीनंतर वळलो. तुमचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात.

पान उघडून बघण्याचंच घ्या. डाव संपल्यावर 'पुढचं काय असतं' ते पाहायचं नाही, ही जुनी रीत आहे, आणि व्यवस्थित चालवलेल्या स्पर्धेत डीलर ते पान दाखवतच नाही. तुमच्या टेबलावर ते दाखवलं गेलं आणि एका बरोबर निर्णयावर बाकी सगळ्यांनी चूक म्हणून शिक्का मारला. पुढच्या शनिवारी त्यातला एखादा १९ टक्क्यांवर कॉल करेल आणि स्वतःला शहाणा समजेल. म्हणजे एक वाईट सवय सगळ्या टेबलाचा खेळ बिघडवते. म्हणून पहिला नियम करा : डाव संपला की उरलेला कॅट उलटाच गोळा करायचा.

बाकीच्या रीतींमागेही कारण आहे. होल्डम हा अपुऱ्या माहितीचा खेळ. कोणाला कधी किती माहिती मिळावी, याचं वेळापत्रक म्हणजे पाळी. बटनवरचा माणूस शेवटी बोलतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. त्याच्या डावीकडच्या ब्लाइंडने घाईने पत्ते फेकले तर मधल्या खेळाडूला फुकट कळतं की मागे एक माणूस कमी झाला. त्याची किंमत तिसराच कोणीतरी मोजतो. पाळीआधी बोलणं चूक ठरतं ते यासाठी.

टाकलेल्या हाताबद्दल बोलणंही तसंच. फ्लॉपला दोन सत्त्या आल्या आणि सत्ती टाकून बसलेल्याने कपाळावर हात मारला, तर खेळत असलेल्या दोघांपैकी जो बिनसत्तीचा दम (ब्लफ) देत होता त्याचं नुकसान झालं. डाव चालू असताना टाकलेल्याने चेहरासुद्धा सांभाळावा. आणि एका हातावर एकच खेळाडू. शेजारच्याचे पत्ते बघून 'घे, कॉल कर' म्हणणं मुळीच नाही, मग शेजारी बायको असो की भाचा.

'कॉल... आणि वर हजार' हे सिनेमातलं वाक्य टेबलावर चालत नाही. तोंडातून आधी कॉल निघाला की तो कॉलच. चिप्ससुद्धा एकाच हालचालीत पुढे करायच्या किंवा आधी आकडा बोलायचा. थोड्या ठेवून समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग आणखी ठेवायच्या, हे चालत नाही, कारण त्या अर्ध्या क्षणात तुम्ही माहिती काढून घेता. समोर ३०० ची बेट असताना काही न बोलता १००० ची एकच चिप टाकली तर तो कॉल धरतात. रेज करायचा (बेट वाढवायची) असेल तर चिप ठेवण्याआधी बोला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धा-संचालकांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि असे नियम सगळीकडे सारखे केले. बोलून केलेली घोषणा बंधनकारक, हा त्यांचा पायाच आहे.

एक मात्र ब्रिजपेक्षा वेगळं. ब्रिजमध्ये तुमचा थांबा, आवाजाचा सूर, यातून जोडीदाराला काही कळलं तर त्याचा उपयोग करणं नियमाविरुद्ध. पोकरला जोडीदारच नाही. तिथे विचार करायला थांबणं, चेहरा दगडासारखा ठेवणं, विरोधकाला चुकीचं वाटू देणं, हे सगळं खेळाच्या आतलं. पण निर्णय ठरलेला असताना उगाच दर वेळी दोन मिनिटं घेऊ नयेत. सगळ्यांची रात्र त्यात जाते.

सावजी_नाइट

ब्रिजवाले काका, मस्त लिहिलं. आमच्याकडे भांडण व्हायचं ते शोवरून. तीनपत्तीत शो मागायचा असतो, साइड शो मागता येतो, ती सवय जात नाही. पोकरला शेवटी कोणी आधी दाखवायचं?

जुना_ब्रिजवाला

रिव्हरला ज्याने शेवटची बेट किंवा रेज केली त्याने आधी दाखवायचं, कारण बाकीच्यांनी त्याचं बघायला चिप्स मोजल्या आहेत. रिव्हरला बेटच झाली नसेल तर बटनच्या डावीकडचा, अजून डावात असलेला पहिला खेळाडू आधी. साइड शोला पोकरमध्ये जागा नाही. दोघांनी खासगीत पत्ते ताडून पाहिले की टेबलावरचे बाकीचे अंधारात राहतात. एकाला दाखवलं तर सगळ्यांना दाखवा. पत्ते उताणे ठेवले की ते स्वतः बोलतात : खेळाडू 'जोडी आहे' म्हणाला आणि खरं तर सिक्वेन्स असली, तर त्याला सिक्वेन्सच मिळते. म्हणून डाव कोणी घेतला हे पक्कं होईपर्यंत पत्ते उलटे फेकू नका.

आणि जिंकणारा हात हातात आहे हे ठाऊक असताना समोरच्याला आपण जिंकलो असं वाटू द्यायचं, मग सावकाश एकेक पान उलगडायचं, हे टेबलावरचं सगळ्यात हीन वागणं. नियम मोडत नाही, पण माणसं दुखावतात. खात्रीचा हात असेल तर लगेच उताणा ठेवा.

किलवर_दुर्री

तीनपत्तीवरून येणाऱ्यांचा आणखी एक गोंधळ : तिथे सिक्वेन्स रंगापेक्षा मोठी, पोकरला रंग मोठा. आमच्यात यावरून पॉट चुकीच्या माणसाला गेलेला पाहिलाय. यामागे काही कारण आहे का?

मिहानवाला_अभियंता

कारण शुद्ध मोजणीचं आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधी सिक्वेन्स ७२०, रंग १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ म्हणून मोठी. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यात रंग ५,१०८ आणि साधी सिक्वेन्स १०,२००. पाच पानांत एकच रंग जमवणं जास्त अवघड, म्हणून क्रम उलटतो. गंमत म्हणजे तीनपत्तीत प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल (तीन सारखी पानं) ५२, तरी ट्रेल मोठी धरतात. तिथे मोजणीपेक्षा रूढी जिंकली.

मूळ हातावर मला वेगळं बोलायचं आहे. टर्नचा फोल्ड बरोबर, मान्य. पण तो प्रसंग फ्लॉपच्या निर्णयामुळे आला. काकांकडे फ्लॉपवर ६०० लावल्यानंतर ३२०० उरले होते. फ्लॉपवरच ऑल-इन केलं असतं, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सारल्या असत्या, तर?

काका काय घेऊन असे खेळतात ते मोजू. फ्लॉपवर एक बादशहा पडलाय, म्हणून उरलेले तीन. बादशहा-राणी ३ गुणिले ४, म्हणजे १२ प्रकारे. बादशहा-गुलाम १२. एक्का-बादशहा मात्र ९ प्रकारे, कारण एक एक्का तुमच्या हातात. तीन बादशहा, तीन सत्त्या किंवा तीन दुर्र्या, प्रत्येकी ३, म्हणजे ९. शिवाय राणी, गुलाम, दश्शीच्या जोड्या, प्रत्येकी ६, एकूण १८. झाले ६० हात.

बादशहा-राणीसमोर तुमचे ९ बदाम आणि ३ एक्के, दोन्ही पानं बघायला मिळणार, म्हणजे जिंकायची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास. एक्का-बादशहासमोर नुसते बदाम, ३६ च्या जवळ. तिळ्यासमोर (तीन सारख्या पानांसमोर) २५-२६. त्या १८ जोड्या वगळून बाकी ४२ हातांची सरासरी ३९ निघते. ऑल-इनला कॉल मिळाला तर ३८०० घालून ८९०० च्या पॉटचे ३९ टक्के, म्हणजे सुमारे ३४७०. दर वेळी ३३० चा तोटा. पण काकांनी पत्ते टाकले तर १९०० लगेच तुमचे. शंभरातून पंधरा वेळा जरी त्यांनी टाकले तरी तोटा भरून निघतो, आणि त्या १८ मधल्या अर्ध्या जोड्या टाकल्या की ते पंधरा टक्के झालेच. शिवाय टर्नला मोठी बेट खाऊन हात सोडायची वेळ येत नाही. दोन्ही पानं तुमची.

इस्पिकराणी

मोजणी पटली. काका टाकतात का, एवढंच विचारायचं राहतं. प्रतापनगरकर, सांगा.

प्रतापनगरकर

काका राणीची जोडी घेऊन बसले तर उठत नाहीत. त्यांच्याकडून बेटवर बेट झाल्यावर पत्ते टाकलेले मी क्वचितच पाहिलेत. आमच्या टेबलावर एकूणच फोल्ड कमी होतात, बिनपैशाच्या खेळात सगळ्यांना शेवटपर्यंत बघायचं असतं.

इस्पिकराणी

मग कॉलच बरा. न टाकणाऱ्या माणसासमोर दम देण्यात अर्थ नाही. (जोड्या घेऊनही ते कॉल करतात म्हटल्यावर तुमची सरासरी थोडी वाढते, कारण राणीच्या जोडीसमोरही एक्का चालतो. त्यामुळे ऑल-इन फार वाईट नाही, पण त्यातला खरा फायदा गेला.)

हाच मुद्दा मला सविस्तर मांडायचा आहे, कारण शिकणाऱ्यांचा बहुतेक वेळ भलत्या गोष्टीत जातो. आजकाल संगणकाचे हिशेब पाहून लोक बरोबर प्रमाणात दम द्यायला शिकतात. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या होल्डममध्ये अव्वल व्यावसायिकांना हरवलं, तेव्हापासून ते वेड वाढलं आहे. तो अभ्यास खोटा नाही. पॉटएवढी बेट करून दम दिला तर तो अर्ध्याहून जास्त वेळा चालायला हवा, अर्ध्या पॉटचा असेल तर तीनात एकाहून जास्त, हे माहीत असावंच. पण ते गणित समोरचा टाकू शकतो या गृहीतावर उभं आहे. तुमच्या टेबलावर लोक कॉल करतात. तिथे कमाईची जागा वेगळी : चांगला हात असेल तेव्हा मोठी बेट, फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्हीवर. वरची जोडी आणि चांगला किकर (जोडीबरोबरचं दुसरं पान) घेऊन आपण रिव्हरला 'चेक' (काही न लावता पुढे) म्हणून सुटकेचा श्वास घेतो, त्या प्रत्येक चेकमध्ये चिप्स राहून जातात. कॉल करणाऱ्याला भरपूर महाग विका. आणि असा माणूस, जो एरवी नुसता कॉल करतो, त्याने रिव्हरला अचानक रेज केला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. एक जोडी असेल तर सोडा.

सुरुवातीचे हात जागेप्रमाणे निवडा. दोन पानांचे १३२६ प्रकार होतात. सगळ्यात आधी बोलायचं असेल तेव्हा त्यातले पंधरा टक्केसुद्धा पुष्कळ. बटनवर, आधी सगळ्यांनी टाकले असतील तर, चाळीसपर्यंत जाता येतं. तीनपत्तीवाल्यांना एक्का दिसला की सोडवत नाही. एक्का-चव्वी वेगळ्या रंगाची, पहिल्या जागेवरून, ही टाकायचीच. एक्का-बादशहासुद्धा फ्लॉपवर तीनातून एकदाच जोडी धरतो. छोट्या जोडीचा तिळा फ्लॉपवर साडेआठ वेळांतून एकदा लागतो, म्हणून छोटी जोडी घेऊन कॉल करताना दोघांकडेही मागे भरपूर चिप्स आहेत की नाही ते आधी बघा.

खंडपीठ_आवार

वकिलीत असल्यामुळे थोडक्यात. पैसे नाहीत ही तुमची पद्धत तशीच ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या रमीच्या निकालात रमी मुख्यतः कौशल्याची म्हटली, आणि ती तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही असंही त्यातच सांगितलं. महाराष्ट्राला लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पोकर त्यात बसतं असं धरून चालू नका : गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ते नशिबाचाच खेळ ठरवलं, तर पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून पोकर आधीच वगळलेलं आहे. राज्याराज्यांत असा फरक आहे. ऑनलाइनचं मात्र स्पष्ट झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. फुकट चिप्सचे अॅप सरावाला चालतात. आणि घरमालकाने पॉटमधून हिस्सा किंवा बसण्याचे पैसे घेणं कधीही सुरू करू नका; कायद्यात जुगाराचा अड्डा ठरतो तो अशाच फायद्यावर.

सावजी_नाइट

आमचे काही जण गोव्याला जाऊन बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने काय पाहावं?

किलवर_दुर्री

टेबलावरच्या चिप्स खिशात घालता येत नाहीत, खेळ सोडेपर्यंत त्या टेबलावरच. डाव चालू असताना खिशातून भरही घालता येत नाही, समोर असेल तेवढंच लागतं. मोठ्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेवा. नियमावरून वाद झाला तर डीलरशी हुज्जत न घालता फ्लोअरवरच्या अधिकाऱ्याला बोलवायला सांगा, त्याचा निर्णय शेवटचा. कॅश टेबलवर प्रत्येक पॉटमधून रेक (चालवणाऱ्याचा हिस्सा) कापला जातो, त्यामुळे जेमतेम बरोबरीत खेळणारा तिथे तोट्यात जातो. आणि घरखर्चाच्या पैशाला हात लावून जायचं नाही. कोणाला थांबता येत नसेल, उधारी सुरू झाली असेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं. मित्राचा हात धरून फोन लावून द्या.

मिहानवाला_अभियंता

प्रतापनगरकर, खेळ गंभीर करायचा असेल तर ब्लाइंडचं वेळापत्रक बांधा. आठ जण, प्रत्येकी ५००० चिप्स, सुरुवात २५-५०, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. दर वीस मिनिटांनी ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१२००, १०००-२०००. टेबलावर एकूण ४०,००० चिप्स आहेत. बिग ब्लाइंड २००० झाला की सगळ्यांचे मिळून वीसच ब्लाइंड उरतात, तिथे स्पर्धा आपोआप संपते. साडेतीन तासांच्या आत रात्र आटोपते. आणि वहीत गुण पहिल्या तिघा-चौघांनाच द्या. आठव्यालाही गुण मिळत असतील तर कोणाला टाकायची गरजच वाटत नाही.

तान्हापोळा

आमच्या टेबलावर सख्खे भाऊ, मेहुणे, सासरे-जावई असे आहेत. दोघेच डावात उरले आणि ते घरचे असले की चेक-चेक करत शेवटपर्यंत जातात. कोणी काही बोललं की राग येतो. याला काय म्हणायचं?

जुना_ब्रिजवाला

याला संगनमत म्हणतात, आणि हे सगळ्या रीतींपेक्षा गंभीर आहे. मनात कपट नसलं तरी परिणाम तोच. स्पर्धेत जावयाने सासऱ्यांवर बेट केली नाही, सासरे वाचले, आणि तिसराच माणूस त्यांच्या आधी बाहेर पडला. त्याचे गुण गेले. 'आपण दोघे चेक करू, याला बाहेर काढू' असं तोंडाने ठरवलं तर स्पर्धांमध्ये दंड होतो. घरी दंड कोण करणार? म्हणून बसण्याआधी, पत्ते पिसण्याआधीच, वयाने मोठ्या माणसाच्या तोंडून हे सांगून टाकावं : टेबलावर नातं बाजूला, प्रत्येक जण एकटा. सासऱ्यांनी स्वतः म्हटलं की 'जावईबापू, माझ्यावर दाबून बेट करा', तर कोणाला वाईट वाटत नाही. आमच्याकडे हे काम आजेसासूबाईंनी केलं, त्या स्वतः उत्तम खेळतात.

ब्रिजमध्ये सगळ्या टेबलांवर तीच पानं वाटून नशीब बाजूला काढतात. पोकरमध्येही मॅच पोकर म्हणून तसा प्रकार आहे : सगळ्या टेबलांवर त्याच जागेला तेच पत्ते, आणि तुमची तुलना दुसऱ्या टेबलावर त्याच जागी बसलेल्या खेळाडूशी. सोळा जण जमले तर दोन टेबलं लावून करून पाहा. आधी वाटप लिहून ठेवायला एक माणूस लागेल. बादशहा-राणी घेऊन तिकडच्याने किती मिळवले आणि इकडच्याने किती, हे समोर आलं की वाद निम्मे कमी होतात.

इस्पिकराणी

आणखी एक, मनापासून. कोणी वाईट खेळून जिंकलं तर टेबलावर त्याला शिकवायला जाऊ नका. 'हा कॉल कसा केलास' असं चारचौघांत विचारलं की तो शरमतो, पुढच्या वेळी येत नाही किंवा गप्प बसतो. नवी मुलगी टेबलावर आली की हे आणखी होतं. तिने काय करायचं हे तिघे-तिघे सांगायला लागतात. तिला तिचा हात तिचा खेळू द्या. तिने विचारलं तर डाव संपल्यावर, बाजूला, शांतपणे सांगा. आपल्याच शहराची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. त्या खेळात डाव संपल्यावर दोघं विरोधक शेजारी बसून चाली तपासतात, ती पद्धत आपण घ्यावी. प्रत्येकाने रात्रीचे दोन-तीन अवघड हात लिहावेत : ब्लाइंड, जागा, पॉट, बेट, उरलेल्या चिप्स, आणि त्या वेळी समोरच्याकडे काय असेल असं वाटलं ते. निकाल शेवटी लिहायचा, नाहीतर तपासणाऱ्याची नजर आधी तिकडेच जाते. पाया पक्का करायला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा २०१५ चा पोकरवरचा अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे; इंग्रजीत आहे, पण आकडे सगळ्यांना समजतील.

प्रतापनगरकर

सगळ्यांचे आभार. काकांना हा धागा वाचून दाखवला. टर्नला त्यांच्याकडे बादशहा-गुलाम होते असं त्यांनी सांगितलं, आणि ऑल-इन केलं असतं तर आपण कॉल केला असता असंही. या शनिवारपासून ब्लाइंडचं वेळापत्रक लावतोय, उरलेला कॅट उलटा गोळा करायचा हे ठरलंय, आणि गुण पहिल्या तिघांना. एक शंका राहिली : शेवटी दोघेच उरले की बटन कोणाकडे आणि आधी कोण बोलतं? यावर दर वेळी अडतो.

किलवर_दुर्री

दोघे उरले की बटनवालाच स्मॉल ब्लाइंड. फ्लॉपआधी तो आधी बोलतो, फ्लॉपपासून पुढे मात्र शेवटी. तीनवरून दोनवर येताना एकाच माणसाला सलग दोनदा बिग ब्लाइंड पडणार नाही असं पाहून बटन सरकवा.